संसार नावाचं अत्तर



मागच्या लेखात आपल्या घरांतल्या पितळी अत्तरदाण्यांचा विषय निघाला होता. तो लिहितानाच ठरवलं होतं, की पुढचा लेख एका परदेशी अत्तराच्या बाटलीवर लिहायचा. बाटली माझी नाही, माझ्या माईआत्याची. गेल्या वर्षी सत्त्याऐंशी वर्षांची होऊन ती गेली. तिच्या टिळकवाडीतल्या घराचं कपाट आम्ही तिघींनी मिळून आवरलं. तिची सून म्हणजे आमची वहिनी, नात सई आणि मी.

इरकली साड्यांची चळत, तिच्याखाली पोथ्या, बँकेची जुनी पासबुकं, आणि सगळ्यात मागे मऊ पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक लाल बाटली. तळाशी दोन बोटं अत्तर शिल्लक होतं. सई बंगळुरूला नोकरी करते, तिला या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त कळतात. तिनं बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "आत्या, हे गेर्लाँचं समसारा आहे. ओरिजिनल. आज्जीकडे कुठून आलं?"

कुठून आलं ते मला ठाऊक होतं, कारण ते आलं तेव्हा मी तिथंच बसले होते.

१९९२ सालची दिवाळी. आमचा दादा, म्हणजे माईआत्याचा एकुलता मुलगा, तेव्हा मस्कतला नोकरीला होता. येताना दुबईच्या विमानतळावर त्यानं ही बाटली घेतली होती. पगाराच्या मानानं चांगलीच महाग. त्यानं खोका आईच्या हातात दिला. माईआत्या जुनी मॅट्रिक. चष्मा लावून तिनं इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवली आणि मोठ्यानं वाचलं, "संसार?"

मग ती हसली. "अरे, माझा संसार एकाहत्तर सालीच आटोपला. आणि आता तू बाटलीत भरून आणलास होय?"

दादाचा चेहरा उतरला. तिच्याही ते लक्षात आलं असावं. म्हणाली, "छान आहे रे. पण मी कुठं लावू हे? आणि ह्यात दारू असते म्हणतात. मला सोवळ्यात देवाजवळ जायचं असतं." बाटली कपाटात गेली. त्यानंतर सहा वर्षं ती उघडली गेली नाही.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमचे मामंजी, म्हणजे आत्याचे यजमान, १९७१ साली गेले. ती चौतीस वर्षांची, दादा नऊ वर्षांचा. त्या दिवसापासून कुंकू गेलं, हिरव्या बांगड्या गेल्या, गजरा गेला, अत्तर गेलं. कुणी काठी घेऊन उभं नव्हतं. पण "असू दे, लाव की" असंही कुणी म्हटलं नाही, आमच्या घरातल्या शिकलेल्या माणसांनीसुद्धा नाही. परसात जाई होती. तिची फुलं ती रोज पहाटे वेचायची, देवाला वाहायची, उरलेली शेजारणींना वाटायची. स्वतःच्या केसांत एकही नाही. तिच्या वाट्याला सुगंध उरला तो एकच. रोज सकाळी सहाणेवर चंदन उगाळायचं, देवाच्या गंधासाठी. बोटांना लागेल तेवढं चंदन तिचं.

हे सगळं त्या बाटलीशी जोडलेलं आहे, कारण त्या बाटलीत नेमक्या याच दोन गोष्टी आहेत. जाई आणि चंदन.

पॅरिसचं गेर्लाँ हे अत्तरांचं घराणं १८२८ साली सुरू झालं. आपल्याकडे गवयांची घराणी असतात तसंच. नाक एका पिढीकडून दुसरीकडे तयार होत जातं. १८८९ साली दुसऱ्या पिढीतल्या एमे गेर्लाँ यांनी 'जिकी' नावाचं अत्तर केलं, १९२५ साली झाक गेर्लाँ यांचं 'शालिमार' आलं आणि १९८९ साली झाँ-पॉल गेर्लाँ यांचं 'समसारा'. हे झाँ-पॉल १९३७ साली जन्मलेले. माईआत्याच्याच वर्षाचे. त्यांना प्रिय असलेल्या एका स्त्रीला जाई आणि चंदन आवडे, म्हणून मूळ अत्तर त्यांनी तिच्यासाठी केलं आणि बाजारात ते नंतर आलं, असं सांगितलं जातं. नाव संस्कृतातून घेतलं. त्यांच्या मनातला अर्थ जन्ममरणाच्या फेऱ्याचा. त्याच शब्दाला मराठीत पोळपाट-लाटणं, मुलंबाळं, किराण्याची यादी असा सगळा अर्थ चिकटलेला आहे, हे त्यांच्या गावीही नसणार.

अत्तराच्या जगात वासांची कुळं मानतात. फुलांचं एक, लाकडांचं एक, लिंबूवर्गीय एक, मसाले-डिंक-व्हॅनिलाचं एक. समसारात लाकूड आणि फूल यांची सोयरीक आहे. चंदन यापूर्वीही पाश्चात्त्य अत्तरांत होतं, पण बहुतेक वेळा तळाशी, आधाराला. इथं झाँ-पॉल यांनी ते उघडपणे पुढे आणलं आणि जाईच्या बरोबरीनं बसवलं.

जाई म्हणजे हिंदीतली चमेली. नाजूक प्रकरण. फूल उजाडायच्या आत तोडावं लागतं, ऊन चढलं की वास उतरतो. अत्तरासाठी लागणारा एक किलो शुद्ध अर्क काढायला सहाशे-सातशे किलोच्या घरात फुलं लागतात, आणि एका किलोत फुलं भरतात हजारोंनी. या वासात नुसता गोडवा नसतो. इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. एकट्यानं हुंगलं तर नाक मुरडावं असं, पण फुलात चिमूटभर असलं की त्यामुळेच फूल जिवंत वाटतं. कागदाच्या फुलावर शिंपडलेल्या सेंटात आणि रात्री उमललेल्या जाईत जो फरक जाणवतो, त्यात इंडोलचा वाटा मोठा.

चंदनाचा स्वभाव उलटा. त्याला घाई नाही. झाडाच्या गाभ्यात सुगंधी तेल साठायलाच पंधरा-वीस वर्षं जातात, चांगला गाभा भरायला तीस. त्या लाकडाचा भुगा करून दोन-तीन दिवस वाफेवर ठेवला की तेल निघतं, आणि शंभर किलो लाकडातून मिळतं साधारण चार-पाच किलो. त्यातल्या सँटालॉल नावाच्या घटकांचा वास आपण ओळखतो. दुधाळ, उबदार, किंचित लोण्यासारखा. तो ओरडत नाही. खोलीभर पसरायची त्याला सवय नाही, जवळ आलेल्यालाच कळतो. यामुळेच झाँ-पॉल यांनी खऱ्या चंदनतेलाच्या जोडीला पॉलिसँटॉल नावाचा कारखान्यात तयार केलेला चंदनगंधी रेणूही वापरला. त्याच्यामुळे चंदनाचा आवाज थोडा मोठा झाला.

बाकी मंडळीही आहेत. सुरुवातीला इटलीच्या कालाब्रियातलं बर्गमॉट, हे लिंबाच्या कुळातलं फळ. यलांग-यलांग हे पिवळं फूल, आपल्या सीताफळाच्या कुळातलं. मधे गुलाब, नर्गिस, आणि आयरिसच्या वाळवलेल्या कंदाचा पावडरीसारखा वास. तळाशी व्हॅनिला आणि टोंका नावाचं बी. पण हे सगळे लग्नातले पाहुणे. वधूवर दोनच.

आता ही बाटली उघडली कधी, ते सांगते.

१९९८ साली सई झाली. बारसं टिळकवाडीतच होतं. पाळण्यावरून-पाळण्याखालून बाळ देण्याघेण्याचा कार्यक्रम सवाष्णींचा, त्यामुळे माईआत्या सकाळपासून स्वयंपाकघरात. घुगऱ्या भिजवणं, पानं मांडणं, सगळं मागच्या बाजूनं. वहिनी तेव्हा सत्तावीस वर्षांची, बाळंतीण, अशक्त. ती खोलीतून उठून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळाला पहिल्यांदा आई घेतील. मग बाकीच्या." एक काकू काहीतरी पुटपुटल्या. वहिनीनं ऐकलं नाही असं दाखवलं. "आई, साडी बदलून या. आम्ही थांबतो."

माईआत्या आत गेली. पाच मिनिटांनी आली ती निळ्या इरकली साडीत. आणि ती माझ्या शेजारून गेली तेव्हा मी चमकले. त्या घरात मी लहानपणापासून वावरले, पण तिच्या अंगाला कापूर, फोडणी आणि ओल्या साडीच्या पलीकडे दुसरा वास मी कधी घेतला नव्हता.

सकाळी दहा वाजता तो वास ताजा, लिंबाच्या सालीसारखा, थोडा टोचणारा होता. बाराच्या सुमारास जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा जाई वर आली होती. परसातल्या वेलीजवळ उभं राहावं तशी. दुपारी चारला पाहुणे पांगले, ती ओट्यावर टेकली, मी तिच्या शेजारी बसले. तेव्हा जाई मागे सरली होती आणि चंदन राहिलं होतं. रात्री तिच्या पदरालाही तेच.

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे याचं कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वास म्हणजे हवेत उडालेले रेणू. बर्गमॉटचे रेणू लहान आणि हलके, ते पहिल्या वीस मिनिटांत उडून जातात. फुलांचे मध्यम, ते काही तास टिकतात. चंदनाचे जड, ते सगळ्यात शेवटी उठतात. म्हणून अत्तरकार वासाचे तीन टप्पे मानतात: सुरुवातीचा, मधला आणि मागे राहणारा. जड रेणू आणखी एक काम करतात. ते हलक्यांना धरून ठेवतात, लवकर उडू देत नाहीत. एकटी जाई तासाभरात विरली असती. चंदनाच्या सोबतीनं ती दुपारपर्यंत टिकली. समसाराची खासियत अशी, की चंदन शेवटी अचानक येत नाही. पहिल्या क्षणापासून मागे उभं असतं, फक्त आपलं लक्ष आधी फुलाकडे जातं.

त्या रात्री मी विचारलं, "आत्या, कसं वाटलं गं?"

ती म्हणाली, "अगं, हे तर आपलं अत्तरच आहे. फक्त फाया नाही आणि दारू आहे."

तेव्हा मी हसले होते, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. कनौजला आजही देग-भपक्यावर अत्तर निघतं. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, खाली मंद जाळ, बांबूच्या नळीतून वाफ जाते भपक्यात. आणि त्या भपक्यात पारंपरिक पद्धतीनं आधीच भरलेलं असतं चंदनाचं तेल. फुलाचा वास वाफेबरोबर येऊन चंदनात मुरतो. मोगऱ्याचं, चमेलीचं, गुलाबाचं जुनं अस्सल अत्तर म्हणजे लाकडानं धरून ठेवलेलं फूल. फ्रान्सच्या त्या मोठ्या घराण्यानं महागड्या लाल बाटलीत जी गोष्ट भरली, तिचं मूळ तत्त्व आपल्याकडच्या अत्तरवाल्याच्या लाकडी पेटीत होतंच. झाँ-पॉल यांचं कसब कमी आहे असं मी म्हणत नाही. आपल्या अत्तरात दोनच आवाज असतात. त्यांनी त्या दोघांभोवती मोठा वाद्यवृंद बसवला आणि तरी ते दोघं ऐकू येत राहिले. सोपं काम नाही ते.

त्यानंतर माईआत्यानं ते अत्तर वर्षातून दोनदा लावलं. सईच्या वाढदिवसाला आणि दिवाळीच्या पाडव्याला. मनगटावर एक टिपका, बस्स. म्हणून सव्वीस वर्षांनंतरही दोन बोटं शिल्लक. सईच्या लेखी हा वास म्हणजे आज्जी. तिला हे ठाऊकच नव्हतं, की त्याला बाटली आहे, नाव आहे आणि किंमत आहे.

कपाट आवरल्यानंतर महिन्याभरानं सईनं बंगळुरूच्या एका मॉलमधून समसाराची नवी बाटली आणली. जुनी संपू नये म्हणून. मोठ्या उत्साहानं मनगटावर लावली, अर्धा तास थांबली आणि माझ्यासमोर हात धरला. "आत्या, चांगलं आहे. पण ही आज्जी नाही."

मी दोन्ही मनगटं आळीपाळीनं हुंगली. एकावर नवं, दुसऱ्यावर जुनं. जुन्याची सुरुवात बिघडली होती. लिंबूवर्गीय तेलं हवेनं आणि वयानं खराब होतात, त्यामुळे पहिली पाच मिनिटं आंबूस, जुन्या कपाटासारखा वास. पण पंधरा मिनिटांनी जाई आली, थकलेली का होईना. आणि तासाभरानं जे चंदन आलं ते दाट, मऊ, सायीसारखं. नव्या बाटलीची सुरुवात टवटवीत होती, जाईही छान, व्हॅनिला थोडी पुढे. चंदन होतं, पण पातळ, सरळ रेघेसारखं. जुन्या बाटल्या जपून ठेवणारे शौकीनही असंच काहीसं सांगतात.

यात कुणी फसवणूक केली असं मला वाटत नाही. कारण शोधायला पॅरिसला जायची गरज नाही. आपल्या बेळगावातून दक्षिणेकडे बघितलं तरी पुरे.

जगभरचे अत्तरकार ज्या चंदनाला सर्वोत्तम मानत आले ते म्हैसूरचं. टिपू सुलताननं १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवलं, तेव्हापासून झाडावर मालकी राज्याची. पुढे म्हैसूरचं लाकूड युरोपात जाऊन तिथं त्याचं तेल निघत असे. पहिलं महायुद्ध सुरू झालं, निर्यात अडली, लाकडाचे ढीग साचले. तेव्हा चौथे कृष्णराज वडियार महाराज होते आणि दिवाण विश्वेश्वरय्या. बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीनं तेल इथंच काढायचं ठरलं आणि १९१६ साली म्हैसूरला चंदनतेलाचा कारखाना उभा राहिला. दोन वर्षांनी त्यातूनच म्हैसूर सँडल साबण आला. तुमच्या आजीच्या न्हाणीघरातला लंबगोल साबण तोच.

पण झाड हळू वाढणारं आणि तोडणारे हात भराभर चालणारे. त्यात कायदा असा, की झाड कुणाच्याही शेतात उगवलं तरी मालकी सरकारची. आमच्या आबांची हुक्केरीकडे कोरडवाहू शेती होती. बांधावर एक चंदन आपोआप उगवलेलं. मला आठवतं, आबा त्या झाडाकडे कौतुकानं कधी बघायचे नाहीत, काळजीनं बघायचे. "आपलं नाही, आणि गेलं तर आपल्याला विचारतील," असं म्हणायचे. शेवटी १९८५च्या पावसाळ्यात एका रात्रीत ते गेलं. सकाळी बुंधा आणि करवतीचा भुसा. सगळ्यात जास्त तेल मुळांत असतं म्हणून चोरांनी मुळंही उकरली होती. आबांनी त्यातला मूठभर भुसा रुमालात बांधून घरी आणला. दुसरं चंदन लावायचा विचारही केला नाही. कोण लावेल? अशा कितीतरी शेतकऱ्यांनी बांधावर उगवलेलं रोप मोठं होण्याआधीच उपटून टाकलं. २००१ साली कर्नाटकानं कायदा बदलला, झाडाची मालकी जमीनवाल्याला दिली. तोडणीला आणि विक्रीला नियम राहिले, पण लोक पुन्हा चंदन लावू लागले. मात्र आज लावलेलं झाड भरायला तीस वर्षं. मधल्या काळात रानातलं चंदन इतकं घटलं, की जगाच्या लाल यादीत ते असुरक्षित प्रजातींत गेलं.

मग अत्तरवाल्यांनी काय करायचं? काहींनी ऑस्ट्रेलियात लागवड केलेलं आपल्याच जातीचं चंदन घेतलं. बहुतेकांनी कारखान्यातले चंदनगंधी रेणू वाढवले. हे टर्पेंटाइनमधल्या एका घटकापासून तयार करता येतात, झाड तोडावं लागत नाही. कनौजलाही चंदनतेल परवडेना, तेव्हा अनेक भपक्यांत त्याच्याजागी बिनवासाचं खनिज तेल आलं. फूल तेच, पण धरून ठेवणारं कुणी नाही. म्हणून आजचं स्वस्त अत्तर दुपारपर्यंत हरवतं. मोठ्या घराण्यांची सूत्रं गुपित असतात, पण कच्चा माल बदलला की वास बदलणारच. १९९२ सालची बाटली आणि आजची बाटली यांत जे अंतर सईच्या नाकाला कळलं, त्यात एका जंगलाचा हिशेब आहे.

आता खरी गोष्ट. हे सगळं लिहायला बसले ती तिच्यामुळेच.

सईचं लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. तीन वर्षांपूर्वी दादा अचानक गेला. घरात बोलणी सुरू झाली तेव्हा वहिनीनं स्वतःच सांगून टाकलं, "कन्यादानाला काका-काकूंना बसू दे. हळदीलाही मी मागेच असेन. पद्धत आहे तसं होऊ दे, उगाच चर्चा नको." सई चिडली, रडली. म्हणाली, "आई, माझ्या बारशाला तूच आज्जीला पुढे केलं होतंस ना? मग आता काय झालं?"

वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दुसऱ्यासाठी भांडणं सोपं असतं गं."

मला त्या वाक्यावर काही बोलता आलं नाही. २०२२ साली आपल्यापासून फार लांब नसलेल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या कुप्रथा बंद करायचा ठराव केला. आम्ही सगळ्यांनी तो कौतुकानं वाचला. वहिनीनंही. ठराव वाचणं वेगळं आणि भरल्या मांडवात स्वतः पुढे होणं वेगळं. चंदनासारखं झिजावं असं आपण बायकांना किती सहज सांगतो. उगाळणाऱ्या हाताला वास लागतो तेवढाच त्यांच्या वाट्याला येतो, हे सोयीनं विसरतो.

त्या संध्याकाळी आम्ही तिघी माईआत्याच्याच खोलीत बसलो होतो. सईनं लाल बाटली काढली. माझ्या मनगटावर एक टिपका लावला, स्वतःच्या लावला, आणि आईपुढे धरली. वहिनीनं हात मागे घेतला. सईनं आग्रह केला नाही. बाटली तिथंच पलंगावर ठेवली आणि आम्ही साड्यांच्या याद्या करत बसलो.

अर्धा तास गेला असेल. खोलीत जाई आली होती. वहिनीनं मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "अजून वास राहिलाय का गं त्यात?"

"सुरुवातीचा गेलाय," मी म्हटलं. "बाकी आहे."

तिनं हात पुढे केला. "लाव. बघू तरी."

कन्यादानाचं अजून ठरलेलं नाही. मी इथं खोटा शेवट सांगणार नाही. पण परवा पत्रिकेचा मजकूर आला. निमंत्रक म्हणून खाली एकच नाव आहे, वहिनीचं. ते तिनं स्वतः लिहून दिलंय. बाटलीत आता दीड बोट अत्तर उरलंय आणि सईनं ते लग्नाच्या दिवसासाठी राखून ठेवलंय, आईकरता. स्वतः ती नव्या बाटलीतलं लावणार आहे.

आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, एक साधी सूचना. दुकानात अत्तर घ्यायला गेलात, की विक्रेता कागदाच्या पट्टीवर फवारतो आणि दोन मिनिटांत विचारतो, आवडलं का? तेव्हा लगेच हो म्हणू नका. मनगटावर लावा, चोळू नका, आणि बाहेर जाऊन चहा पिऊन या. तासाभरानं जे राहील तेच तुम्ही विकत घेताय. बाटली न्हाणीघरात किंवा उन्हात ठेवू नका, कपाटात अंधारात ठेवा. आणि घरात कुणाच्या कपाटात अशी न उघडलेली बाटली असेल, तर ती का उघडली नाही, हे एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा.

पुढच्या लेखात आबांनी रुमालात बांधून आणलेल्या त्या भुश्याचं काय झालं, ते सांगते.